नवीन फ्युएल पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा) टाकला तरी गाडी उठत नाही, म्हणजे स्टार्टच होत नाही? हे बघ आधी

भावा, लगेच दुसरा पंप आणायला पळू नको. चावी ऑन कर आणि मागच्या सीटपाशी कान दे, दोन-तीन सेकंद घूं असा आवाज यायलाच पाहिजे. नाही आला तर फ्यूज, रिले (पंपाला करंट देणारा स्विच), आणि पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लाव, चावी ऑन केल्या केल्या १२ व्होल्टच्या आसपास दिसतात का बघ, अर्थिंग पण चेक कर, तिथे गंज फार असतो.

आवाज येतोय पण गाडी उठत नाही, मग फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) गेज लावून पेट्रोलचं प्रेशर घे, बऱ्याच एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांना ३ बारच्या आसपास लागतं. कमी असेल तर टाकीतला छोटा होस सुटलाय का, ओ-रिंग (गोल रबरी सील) चिमटलीय का बघ, पेट्रोल तिथूनच परत टाकीत पडतं. आणि लाइन खोलायच्या आधी प्रेशर सोड, बॅटरीची निगेटिव्ह काढ, प्लीज.