टेबल टेनिस लोकप्रिय करायचं तर कोणता नियम बदलाल? मी सर्व्हिसला हात घालीन

तुम्ही विचारलंय की क्रिकेटला ट्वेंटी-ट्वेंटीने जसं नव्याने उभं केलं, तसं नियम बदलून टेबल टेनिसला लोकप्रिय करता येईल का, आणि येत असेल तर नेमके कोणते नियम बदलावेत. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बरीच वर्षं टीटी खेळते आणि तिथल्या स्पर्धांची कटकटही माझ्याच गळ्यात असते. त्यामुळे उत्तर थोडं गल्लीतून येणार, हे आधीच सांगते.

नियम बदलून फरक पडेल. पण तो ऑलिंपिकचे नियम बदलून नाही, तुमच्या-माझ्या टेबलावरचे बदलून.

ट्वेंटी-ट्वेंटीची तुलना मला मुळातच पटत नाही. क्रिकेटचं दुखणं वेळेचं होतं. टीटीचा पाच गेमचा सामना रंगला तरी पाऊण तासात आटोपतो, तो आणखी छोटा करून काय मिळणार? तेही करून झालंय. २०१७ मध्ये टी-टू नावाच्या लीगने २४ मिनिटांचे घड्याळी सामने खेळवले, वेळ उरली नाही तर पाच गुणांचा गेम ठेवला. आपल्याकडच्या अल्टिमेट टेबल टेनिसमध्ये १०-१० झालं की ड्यूस नाही, पुढचा गुण ज्याचा गेम त्याचा. बघायला मजा येते, नाकारत नाही. पण ते बघून आमच्या इमारतीतलं एकही नवीन माणूस बॅट घेऊन खाली उतरलं नाही.

आणि नियम बदलायचे राहिलेत असंही नाही. हा खेळ कायम नियम बदलतच आलाय. २००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, कारण लहान चेंडू टीव्हीवर दिसत नाही अशी तक्रार होती. २००१ मध्ये २१ चा गेम ११ चा झाला आणि पाच-पाच सर्व्हिस जाऊन दोन-दोन आल्या. पुढच्याच वर्षी सर्व्हिस करताना चेंडू हाताआड किंवा अंगाआड लपवायला बंदी आली. २००८ मध्ये स्पीड ग्लू गेला, तो पंक्चरच्या सोल्युशनसारखा वास मारणारा डिंक, जो लावला की रबर फुगायचं आणि फटका सुसाट सुटायचा. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा चेंडू आला. एवढं सगळं करून जागतिक चित्र काय? महिला एकेरीचं ऑलिंपिक सुवर्ण १९८८ पासून एकदाही चीनबाहेर गेलेलं नाही, आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये पाचही सुवर्णपदकं चीनचीच. आपण मात्र अजून तिथेच: ‘टीटी? हो हो, शाळेत खेळायचो.’

यातला एक बदल मात्र फार कामाचा ठरला, तो म्हणजे ११ गुणांचा. टीव्हीसाठी नव्हे, बाकावर बसलेल्यांसाठी. एक टेबल, आठ माणसं, हरेल तो बसेल, अशा ठिकाणी २१ चा गेम म्हणजे ताटकळणं. तरीही आमच्याकडे साठीच्या पुढचे दोन-तीन जण अजून ‘एकवीसचा लावू’ म्हणतात आणि मागच्या बाकावरून ओरडा होतो.

आता मुद्द्यावर येते. या खेळाची खरी अडचण ही की त्यातली अर्धी करामत डोळ्यांना दिसत नाही.

आमच्याकडे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त. त्यांच्या बॅटला एका बाजूला साधं गुळगुळीत रबर आणि दुसऱ्या बाजूला लांब पिंपल्स, म्हणजे बारीक उंच टोकं असलेलं रबर. सर्व्हिस अगदी सावकाश करतात. चेंडू हलकेच पलीकडे येतो, जाळीजवळ दोन टप्पे घेईल असा. समोर पहिल्यांदाच आलेला पोरगा, ऑफिसच्या पँटमध्ये, बुटांसकट. त्याला वाटतं, एवढा मऊ बॉल, मारू. बॅट लावतो आणि चेंडू सरळ जाळीत. दुसऱ्यांदा तो बॅट थोडी वर उघडतो. काकांनी मनगट तसंच फिरवलेलं असतं, फक्त या वेळी कट, म्हणजे चेंडूला दिलेली उलटी फिरकी, नसतो. चेंडू टेबलाबाहेर, पंख्याच्या दिशेने. पाच-सहा गुण असे गेले की पोरगा हसतो, ‘मस्त खेळता काका’ म्हणतो, आणि पुन्हा दिसत नाही. काकांनी काहीच चुकीचं केलेलं नसतं. चेंडू तळहातावर, सोळा सेंटिमीटर वर उडवलेला, सगळं नियमात.

बॅडमिंटनमध्ये नवखा हरतो तेव्हा त्याला कळतं की शटल लांब होतं, आपण पोचलो नाही. टीटीमध्ये चेंडू हाताशी येऊनही जातो कुठे ते कळत नाही, आणि बघणाऱ्याला तर खेळाडूच बावळट वाटतो. टीव्हीवरही तेच. जगातला पहिल्या दहातला माणूस समोरच्याची सर्व्हिस परतवताना चेंडू जाळीत घालतो तेव्हा माझी आई विचारते, ‘एवढं साधं जमत नाही याला?’

हे दुखणं जुनं आहे आणि त्याचा एक मोठा अंक आपल्या मुंबईतच घडलाय. १९५२ ची जागतिक स्पर्धा ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली, आशियातली पहिली. तोवर बहुतेक सगळे साध्या पिंपल्सच्या रबराने खेळायचे. चेंडू बॅटवर आपटला की टकटक आवाज यायचा आणि त्या आवाजावरून फटक्याचा जोर समजायचा. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. आवाज जवळपास नाहीच, आणि चेंडू कधी सुटला तेच समोरच्याला समजेना. त्याने एकेरीचं विजेतेपद नेलं. पुढे १९५९ मध्ये स्पंजच्या जाडीवर नियम आला, पण स्पंज राहिला, आणि आजची फिरकी त्याच्याच जोरावर उभी आहे. त्याआधीचा जमाना उलटा होता. १९३६ मध्ये प्रागच्या जागतिक स्पर्धेत एर्लिख आणि पानेथ यांच्यातला एकच गुण दोन तासांहून जास्त चालला. त्यानंतर जाळी खाली आणली आणि वेळेचा नियम कडक केला. म्हणजे तेव्हा रॅली संपत नाही म्हणून नियम बदलले, आता रॅली सुरूच होत नाही म्हणून बदला म्हणतोय आपण.

याउलट पिकलबॉल बघा, तो छोट्या कोर्टवर सपाट बॅटने भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या चेंडूचा खेळ. तुम्ही ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहत असाल तर वेगळं सांगायला नको, टर्फवाल्यांनी रातोरात रेघा मारल्यात. गंमत म्हणजे १९६५ मध्ये अमेरिकेत हा खेळ सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा हातात घेतल्या होत्या त्या टेबल टेनिसच्याच बॅटी. त्याची नेहमीची सर्व्हिस खालून करायची, समोरच्याने टप्पा पडू द्यायचा, परतलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्यानेही टप्पा पडू द्यायचा. म्हणजे सर्व्हिसचं शस्त्रच काढून घेतलंय. त्यामुळे कधीच न खेळलेली जोडीसुद्धा दहा मिनिटांत रॅली करायला लागते. मध्ये काही जण सर्व्हिस करताना बोटांनी चेंडूला पीळ देऊ लागले, तर अमेरिकेतल्या संघटनेने २०२३ पासून तेही बंद केलं. टेबल टेनिसने बोटांची फिरकी १९३० च्या दशकाच्या अखेरीस बंद केली होती. तळहात उघडा ठेवून चेंडू नुसता ठेवायचा हा नियम त्यातूनच आला. पण मग बॅटनेच एवढी फिरकी काढता यायला लागली की बंदीचा उपयोग संपला.

म्हणून मी बदलेन ते हे. हौशी आणि सोसायटी पातळीच्या स्पर्धांसाठी वेगळे, छापील, मान्यताप्राप्त नियम असावेत. बॅटी आयोजकांच्या, सगळ्यांना सारख्या, स्पंज नसलेल्या. लंडनला अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये सॅंडपेपरच्या बॅटींची पिंगपाँगची जागतिक स्पर्धा याच तत्त्वावर झाली: बॅट तिथलीच, १५ गुणांचा गेम आणि एकदा ‘डबल पॉइंट’ मागायची, म्हणजे तो गुण जिंकला तर दोन मोजायची सोय. पैशाचा मुद्दाही आहे. चांगल्या रबराची एक जोडी हल्ली पाच-सहा हजारांच्या पुढे सहज जाते, आणि ज्याच्या हातात ते आहे त्याच्यापुढे दुकानातल्या तयार बॅटवाला टिकत नाही.

आम्ही सोसायटीत दरवर्षीच्या स्पर्धेत एक गट असाच ठेवतो. बॅटी लाकडाला साधं पिंपल्सचं रबर लावलेल्या, सर्व्हिस टेबलाच्या मागच्या अर्ध्या भागात पडली पाहिजे, म्हणजे जाळीजवळची टोचरी सर्व्हिस बाद. शिवाय नेहमीच्या खेळाडूंनी नवख्याला तीन किंवा पाच गुणांची आघाडी देऊन सुरुवात करायची. बायका, शाळेतली मुलं, एकदा तर एका घरचे सासरे-जावई, असे लोक उतरले जे एरवी दारातून बघून जायचे. आवाज परत आला हे मला सगळ्यात आवडलं. टक-टक-टक ऐकून जिममधली माणसं डोकावायला येतात.

सर्व्हिसला जाळी लागून ‘लेट’ देणं, म्हणजे सर्व्हिस पुन्हा करायला लावणं, मात्र मी सगळ्याच पातळीवर रद्द करीन. व्हॉलीबॉलने जाळीला लागून गेलेली सर्व्हिस कधीच चालू ठेवली. आमच्याकडे अर्धे वाद यावरच: लागली की नाही लागली, पंच कोण, तर पंच म्हणजे पुढचा नंबर असलेला माणूस, आणि त्याला गेम लवकर संपवायचा असतो.

आता जे सुचवलं जातं आणि मला नको वाटतं ते. जाळी उंच करा म्हणतात, म्हणजे वेग कमी होईल. होईल, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं काय? टेबल आत्ताच त्याच्या पोटापर्यंत येतं. चेंडू आणखी मोठा करा म्हणतात. ४० चा झाला आणि पुढे प्लास्टिकचा, तेव्हा माझ्या मते सगळ्यात जास्त मार चॉप करणाऱ्यांना, म्हणजे टेबलापासून लांब राहून चेंडू खालून कापत परतवणाऱ्यांना बसला, आणि बघायला सगळ्यात सुंदर तेच असतात. २००३ च्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी, ऑस्ट्रियाचा श्लागर विरुद्ध कोरियाचा चॉप करणारा जू से-ह्युक, शोधून बघा. दहा फूट मागून चेंडू उचलणारा माणूस बघून कोणालाही हा खेळ कळतो, नियम माहीत नसले तरी. फिरकीवर सरसकट बंदी घालून असा खेळाडू संपवायचा असेल तर नको ती लोकप्रियता. आपल्या मनिका बत्राचं अर्धं गारूड तिच्या लांब पिंपल्समध्येच आहे. वरच्या पातळीवर नियम उलट सैल आहेत ते बरं: बॅट कुठल्याही आकाराची चालते, म्हणूनच स्वीडनचा मोरेगार्ड षटकोनी बॅट घेऊन पॅरिसमध्ये जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या वांग चुचिनला हरवून रौप्यपदकापर्यंत गेला. त्या आठवड्यात आमच्या गटात दोघांनी ती बॅट मागवली, खेळ होता तिथेच आहे.

नियमपुस्तकाबाहेरचं एक सांगते, कारण माझ्या मते त्याचा वाटा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याला टेबलासकट किमान १४ बाय ७ मीटर जागा लागते. पिकलबॉलचं नुसतं कोर्टच साधारण १३.४ बाय ६.१ मीटर, भोवतीची जागा वेगळी. म्हणजे टीटीची मागणी काही जास्त नाही. पण बिल्डर पिकलबॉलला जाहिरातीत फोटोसकट जागा देतो आणि टीटीचं टेबल जिमशेजारच्या खोलीत, मागे भिंत, वर फुल स्पीडने पंखा. तिथे फक्त टेबलाला चिकटूनच खेळता येतं, म्हणजे ज्याची सर्व्हिस अवघड तोच जिंकणार. ठाण्याची मधुरिका पाटकर २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय महिला संघात होती. आमच्या क्लबहाऊसच्या समितीत हे सांगून बघितलं, दुसऱ्या टेबलासाठी जागा मागताना. पुढच्या बैठकीत गाड्यांच्या पार्किंगचा विषय निघाला.

तुमच्याकडे स्पर्धा घ्यायचा विचार असेल तर सारख्या बॅटींपासून सुरुवात करा, एका गटापुरतीच. खुला गट तसाच ठेवा, नाहीतर पिंपल्सवाले काका रुसतील आणि पंच म्हणून उभं राहायलाही कोणी मिळणार नाही.