विचारलं तर नसलेलं मनात येईल का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एक ताई भेटायला आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवऱ्याच्या मनात आत्महत्येचा विचार तर नाही ना, ही त्यांची धास्ती, आणि त्यांचा प्रश्न मला शेतकऱ्यांच्या घरांतून सारखा ऐकू येतो. "मॅडम, मी त्यायले सरळ इचारलं, अन् मनात नसलं तरी आलं तं?"

घरची शेती कोरडवाहू, कापूस आणि तूर. बोंडअळीनं वेचणी हातची गेलेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं, कृषी केंद्राची उधारी वेगळी आणि मुलीची सोयरीक जुळत आलेली. अशी घरं आमच्या भागात खूप आहेत आणि त्यातली बहुतेक माणसं त्यातूनही जगतात. म्हणून मी कर्जाच्या आकड्यावर थांबले नाही. झोप कशी आहे? पहाटे उठून अंगणात बसून राहतात. जेवण? ताट सरकवतात. डोकं जड पडते म्हणून गोळ्या खातात. पारावर जाणं बंद केलंय. पोळ्याला बैल सजवायचे तेही मुलानंच सजवले. आणि नुकतंच त्यांनी बायकोला बसवून कोणाचं किती देणं, विम्याचे कागद कुठे, पासबुक कुठे, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. ताईंना वाटलं, चला, माणूस हिशोबाला लागला. मला मात्र त्या हिशोबाचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

ताईंना मी सांगितलं ते असं. विचारल्यानं हा विचार मनात पेरला जात नाही. यावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि विचारल्यामुळे धोका वाढल्याचं त्यांत आढळलेलं नाही. आणि आपल्याकडे हा विचार बाहेरून आणायची गरज आहे कुठे? २०२२ मध्ये देशात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. ज्या गावात शेजारच्या घरातला माणूस असा गेलाय, तिथे हा विचार प्रत्येकानं ऐकलेला असतो. आपण गप्प राहिलो की तो माणूस त्याच्याशी एकटाच झगडत राहतो.

"असं काही मनात आणू नका हं" हे विचारणं नव्हे. त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. शब्द स्पष्ट हवेत आणि आवाज शांत.

दुसऱ्या भेटीत ताई त्यांना घेऊन आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "भाऊ, जीव द्यावा असं मनात येते काय?"

बराच वेळ ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "येते. पहाटे लयच येते." आणि थोड्या वेळानं, "मी गेलो तं सरकारचे लाख रुपये येतीन. पोरीचं लग्न तरी होऊन जाईन."

हे गणित ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते करणारा माणूस बेजबाबदार नसतो. तो घराचाच विचार करत असतो, फक्त आजारलेल्या मनानं. त्या मदतीसाठी पात्र-अपात्रची छाननी असते आणि कितीतरी प्रकरणं अपात्र ठरतात, हे मी त्यांना सांगितलं. पण जास्त वेळ मुलीबद्दल बोललो. तिला या मदतीबद्दल काय वाटेल, असं विचारल्यावर ते पहिल्यांदा रडले.

त्या दिवशी कर्ज फिटणार नव्हतं, पण फवारणीचं औषध घरातून हलवता येणार होतं. ते त्यांच्या खाटेजवळच्या कोनाड्यात होतं. त्यांच्याच संमतीनं धाकट्या भावाला फोन केला. औषध त्याच्या घरी, कुलपात. फवारणीच्या दिवशी त्यानं आणायचं, दोघांनी मिळून फवारायचं, उरलेलं त्यानंच परत न्यायचं. कोणाला हे किरकोळ वाटेल. मला तसं वाटत नाही. जीव द्यायची तीव्र ओढ बहुतेकदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि १९९५ नंतरच्या २० वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं.

पुढे जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यावर गोळ्या सुरू केल्या. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर रात्री भाऊ नाहीतर मुलगा सोबत झोपायचा. कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेत जाताना ताई बरोबर गेल्या, त्यांना एकट्याला जाऊ दिलं नाही. कर्ज अजून आहे. लग्न पुढच्या हंगामावर ढकललंय, मुलीच्याच सांगण्यावरून. झोप लागते, पारावर जातात.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर आजच विचारा. उत्तर "हो" आलं तर वाद घालू नका, शपथा घालू नका, ऐकून घ्या आणि फवारणीचं औषध घराबाहेर हलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी लावला तरी चालतो. कोणी काही प्यायल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता १०८ ला फोन करा, आणि डबा किंवा बाटली दवाखान्यात सोबत न्या.