शंभर कमांड पाठ करण्यापेक्षा शेल आधी काय करतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॉमर्स झालंय, नव्या नोकरीत रोज लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करून फायली चाळायच्या आहेत. 'शंभर महत्त्वाच्या कमांड' अशी यादी उतरवून निम्मी पाठही केलीत, पण टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं की काही सुचत नाही. शिवाय 'शेती खर्च.सीएसव्ही' ही फाइल समोर दिसत असून कॅट (फाइलीतला मजकूर दाखवणारी कमांड) म्हणतं सापडत नाही, ते का? आणि शेवटी, व्हीआय हा टर्मिनलमधला एडिटर शिकायला हवा का?

मी कॅटच्या भानगडीपासून सुरू करतो. यादी तूर्त बाजूला ठेवा.

एक आधीच सांगतो, कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी स्मॉल लेटर आणि इंग्रजी आकडे. कॅपिटलमध्ये टाइप केलंत तर शेलच्या लेखी ती वेगळीच कमांड.

तुम्ही ओळ लिहून एंटर दाबता तेव्हा ती ओळ थेट कॅटकडे जात नाही. ती आधी शेल वाचतो. शेल हाही एक प्रोग्रामच. लिनक्स सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी बॅश असतो, मॅकवर २०१९ पासून झेडशेल. शेल ओळ घेतो, मोकळ्या जागांवर तिचे तुकडे करतो, पहिला तुकडा कमांडचं नाव मानतो आणि उरलेले तुकडे त्या कमांडच्या हातात देतो. म्हणजे तुम्ही

कॅट शेती खर्च.सीएसव्ही

असं लिहिलंत तेव्हा कॅटला दोन फायलींची नावं मिळाली: 'शेती' आणि 'खर्च.सीएसव्ही'. दोन्ही नाहीत. तुम्ही डकवलेला संदेश परत बघा, त्यात एक नाही, दोन ओळी आहेत, दोन्हींच्या सुरुवातीला वेगळं नाव आहे. कॅटने खरं तेच सांगितलं होतं.

उपाय: नाव अवतरणचिन्हांत घाला, 'शेती खर्च.सीएसव्ही', की शेल तो एकच तुकडा धरतो. त्याहून सोपं म्हणजे पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, शेल उरलेलं नाव स्वतः भरतो आणि मोकळ्या जागेची काळजीही घेतो. टॅबची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. टॅबने नाव भरलं गेलं नाही तर तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये आहात, स्पेलिंग चुकलंय किंवा तशीच सुरुवात असलेल्या अनेक फायली आहेत, हे एंटर दाबायच्या आधीच कळतं. आणि हल्ली एलएस अशा नावाभोवती अवतरणचिन्हं दाखवतं, ती नावाचा भाग नसतात. 'असं लिही' एवढंच ते सांगत असतं.

(टर्मिनलमध्ये मराठी नावांच्या काना-मात्रा विस्कटलेल्या दिसल्या तर घाबरू नका. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरलेल्या रुंदीची चौकट देऊ बघतं आणि जोडाक्षरं त्यात नीट बसत नाहीत. फाइल शाबूत असते.)

शेल आधी, कमांड नंतर. हे एकदा ध्यानात आलं की नवख्यांना छळणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. तारांकनाचंच घ्या. आरएम ही फाइल पुसणारी कमांड. 'आरएम *.सीएसव्ही' लिहिलंत तर आरएमला तारा दिसतच नाही. शेल त्या जागी जुळणाऱ्या सगळ्या फायलींची नावं मांडतो आणि मग आरएमला बोलावतो. म्हणून 'आरएम * .सीएसव्ही', मध्ये चुकून एक स्पेस, हे संकट आहे. एकट्या ताऱ्याचा अर्थ या फोल्डरमधल्या सगळ्या फायली. त्या सगळ्या जातात आणि वर '.सीएसव्ही नावाची फाइल सापडली नाही' अशी तक्रार येते. इथे रिसायकल बिन नाही. आरएमने गेलेलं बॅकअपमध्ये असेल तरच परत मिळतं.

सीपीचं, म्हणजे कॉपी करणाऱ्या कमांडचं, याहून बेरकी आहे. फोल्डरमध्ये नेमक्या दोनच सीएसव्ही फायली आहेत आणि तुम्ही 'सीपी *.सीएसव्ही' लिहून कुठे कॉपी करायचं ते लिहायला विसरलात. शेल दोन नावं मांडतो, सीपीला वाटतं पहिलीची प्रत दुसरीच्या नावाने हवी आहे. दुसरीतला मजकूर गेला, तोही अवाक्षर न काढता. फायली तीन असत्या तर निदान शेवटचं नाव फोल्डरचं नाही म्हणून सीपी अडलं असतं.

यावर हुकमी उपाय म्हणजे एको. जी ओळ चालवायची भीती वाटते तिच्या आधी एको लिहा: 'एको आरएम *.सीएसव्ही'. शेल ताऱ्याचा विस्तार करतो, पण आरएम चालत नाही, नुसती तयार ओळ छापली जाते. वाचा, पटली तर वरचा बाण दाबून मागची ओळ परत आणा आणि एको खोडून एंटर. माझ्या मते पाठ केलेल्या पन्नास कमांडपेक्षा ही एक सवय जास्त कामाची.

तिसरी गंमत '>' या चिन्हाची. कमांडचं उत्तर स्क्रीनऐवजी फाइलीत टाकायला ते वापरतात. मग कुणालाही सुचतं की यादी सॉर्ट करून त्याच फाइलीत ठेवू: 'सॉर्ट यादी > यादी'. फाइल रिकामी होते! कारण '>' चं काम शेलचं आहे आणि शेल आधी. सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच शेलने ती फाइल लिहिण्यासाठी उघडून पुसलेली असते, सॉर्टला वाचायला उरतं शून्य. त्यासाठी सॉर्टला स्वतःचा -ओ आहे: 'सॉर्ट -ओ यादी यादी'. आणि जुन्या मजकुराच्या शेवटी भर घालायची असेल तर '>>', दोन चिन्हं.

आता फिरणं. पीडब्ल्यूडी म्हणजे मी कुठे उभा आहे, एलएस म्हणजे इथे काय आहे, सीडी म्हणजे तिकडे जा. नुसतं सीडी लिहिलं की आपल्या घरी, म्हणजे आपल्या स्वतःच्या फोल्डरात, 'सीडी ..' म्हणजे एक पायरी वर, 'सीडी -' म्हणजे आत्ताच जिथून आलो तिथे परत. यात पाठ करण्यासारखं काही नाही, तासभर फिरलात की बोटांत बसतं. '/' ने सुरू होणारा पत्ता मुळापासून मोजला जातो, बाकीचे तुम्ही उभे आहात तिथून.

सीडीची मॅन्युअल शोधायला गेलात तर कधी कधी मिळत नाही, ती का? 'टाइप सीडी' असं लिहून बघा (इथे टाइप हीच कमांड आहे). उत्तर येईल की ते शेलच्या पोटातलं आहे. सीडी वेगळा प्रोग्राम असून चाललंच नसतं. शेल प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र प्रक्रिया म्हणून सुरू करतो आणि त्या प्रक्रियेने आपलं फोल्डर बदललं तरी शेल आपल्या जागीच राहतो. म्हणून हे काम शेलला स्वतःलाच करावं लागतं. बॅशमध्ये अशा कमांडची माहिती 'हेल्प सीडी' ने मिळते.

काही सुचत नाही असं म्हणता, त्यातला निम्मा भाग मला वाटतं अडकण्याचा असावा. ओळखीच्या जागा सांगतो. कॅट लिहून नाव न देता एंटर दाबलंत की ते गप्प बसतं. बिघडलेलं नसतं, तुम्ही काही लिहाल म्हणून वाट बघत असतं, कंट्रोल-डी ने संपवा. प्रॉम्प्टच्या (शेल तुमच्या ओळीची वाट बघताना दाखवतो त्या खुणेच्या) जागी नुसतं '>' आलं तर एखादं अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय, कंट्रोल-सी दाबून नव्याने लिहा. लेस (फाइल पानापानाने दाखवणारी कमांड) किंवा मॅनमधून (कमांडची मॅन्युअल दाखवणारी) बाहेर यायला क्यू. कंट्रोल-सी हे इथे कॉपी नाही, चालू काम तोडणं आहे. कॉपी करायला बऱ्याच टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी चालतं. आणि कमांड काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर काम झालं असं समजा. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर घडलं ते लिहिणारी मंडळी १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये काम करत होती, आणि लवकरच त्यांच्यासमोर सेकंदाला दहा अक्षरं छापणारे टेलिटाइप होते. कागदावर खडखडत येणारं 'काम यशस्वी झालं' कुणाला हवं होतं? दोन-दोन अक्षरी नावंही त्याच काळातली.

आता तुमचं खरं काम. सीएसव्ही फाइल आहे, ओळी अशा:

२०२४-०६-१२,बियाणे,४२००
२०२४-०६-१४,मजुरी,१८००
२०२४-०६-१४,डिझेल,९५०

कोणत्या खात्यावर किती नोंदी आहेत, एवढंच हवंय. एक्सेलमध्ये तुम्ही पिव्हट टेबल केलं असतं. इथे:

कट -डी, -एफ२ 'शेती खर्च.सीएसव्ही' | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एनआर | हेड

कटमधलं '-डी,' म्हणजे स्वल्पविरामावर काप, -एफ२ म्हणजे दुसरा रकाना दे, आणि युनिकचं -सी म्हणजे मोज. युनिकचं स्पेलिंग यू, एन, आय, क्यू, बस, पुढे काही नाही. आणि ही ओळ एकदम लिहू नका. फक्त कटचा भाग चालवा, लांबलचक फाइल असेल तर पुढे '| हेड' लावा म्हणजे पहिल्या दहा ओळीच दिसतील. दुसरा रकाना आला? मग हेड काढून सॉर्ट जोडा, परत बघा. सारखी नावं एकाखाली एक आली? मग युनिक -सी. हा क्रम का, तर युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. सॉर्ट न करता चालवलंत तर 'मजुरी' चार ठिकाणी चार वेगवेगळ्या आकड्यांसह दिसेल. शेवटच्या सॉर्टमधला -एन आकडे आकड्यांसारखे धरायला, -आर मोठ्याकडून लहानाकडे. -एन विसरलात तर इतर ठिकाणी १०० हा ९ च्या आधी येऊन बसतो.

मधली उभी रेघ म्हणजे पाइप, डावीकडचं उत्तर उजवीकडच्याला वाचायला देणारी. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी ती कल्पना लावून धरली आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये आणली. शंभर कमांडची यादी कुचकामी ठरते ती याच्यामुळे. तीत प्रत्येक कमांड एकेकटी भेटते, पण कामं होतात ती त्यांच्या जोडण्यांतून.

एक्सेलमधून आलेल्या फाइलीत तीन गोष्टी तपासा. रक्कम "४,२००" अशी स्वल्पविराम घालून अवतरणात असेल तर कट तिथेच कापतं, त्याला अवतरणं कळत नाहीत. 'खत' आणि पुढे स्पेस असलेलं 'खत ' ही दोन वेगळी खाती मोजली जातात. आणि विंडोजच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जास्त असतं, शेवटच्या रकान्याशी काम करताना ते नडतं. 'फाइल' नावाचीच कमांड आहे, तिला सीएसव्हीचं नाव द्या, उत्तरात सीआरएलएफ दिसलं तर तेच. 'टीआर -डी '\आर'' मधून पाइपने नेलं की ते निघून जातं.

मराठी मजकूर मोजायचा असेल तर हेही बघून ठेवा. 'एको मराठी | डब्ल्यूसी -सी' चं उत्तर १६ येतं. -सी बाइट मोजतं. युटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि 'मराठी' मध्ये म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, झाले पंधरा, वर ओळ संपल्याची एक. -एम दिलंत तर चिन्हं मोजली जातात आणि उत्तर ६ (सर्व्हरची भाषा-मांडणी युटीएफ-८ असेल तर). आपल्या डोळ्यांना दिसणारी तीन अक्षरं यातलं कुणीच मोजत नाही. फॉर्ममध्ये 'शंभर अक्षरांची मर्यादा' लिहिलेली असून मराठी नाव मध्येच तुटतं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

सराव ऑफिसच्या सर्व्हरवर करू नका. घरी विंडोज ११ असेल तर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' लिहा, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) येतं. तुमचा सी ड्राइव्ह तिथे '/एमएनटी/सी' मध्ये दिसतो. म्हणजे आरएम तिथेही खराच चालेल, तेव्हा सराव आपल्या घरच्या फोल्डरात. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड या ॲप-भांडारावरून टर्मक्स हे टर्मिनल ॲप घ्या. वर सांगितलेलं जवळपास सगळं त्यात होतं. ऐकून शिकायला आवडत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सची मालिका मराठीतून आहे, फुकट.

मॅनची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. 'मॅन सॉर्ट' उघडा, '/' दाबून हवा तो शब्द लिहा, एन दाबून पुढच्या जागी जा, मिळालं की क्यू. आधी चालवलेली ओळ आठवत नसेल तर कंट्रोल-आर दाबून तिच्यातला कुठलाही तुकडा लिहा, शेल शोधून देतो. 'परमिशन डिनाइड' आलं की लगेच पुढे सुडो (ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड चालवणारं) लावून बघण्याचा मोह आवरा. ऑफिसच्या सर्व्हरवर ती फाइल तुम्हाला बंद ठेवलेली असण्यामागे बहुधा कारण असतं.

व्हीआयचं म्हणाल तर इतक्यात शिकू नका, नॅनो हा साधा एडिटर पुरेसा आहे. त्यात खाली कळा लिहिलेल्याच असतात. पण बाहेर पडायचं कसं तेवढं आत्ताच माहीत हवं, कारण काही कमांड, उदाहरणार्थ 'क्रॉनटॅब -ई' (ठरल्या वेळी चालायच्या कामांची यादी बदलणारी), काही सर्व्हरवर न विचारता तुम्हाला व्हीआयमध्ये नेऊन सोडतात आणि तिथे कंट्रोल-सी ने सुटका होत नाही. एस्केप दाबा, मग ':क्यू!' लिहा, एंटर. काही न साठवता बाहेर.