वाचकांचे प्रश्न : तडकलेला कोबा

प्रश्न : हडपसरला आमचा बंगला आहे. फाटकापासून पार्किंगपर्यंतचा १२ मीटर लांब, ३ मीटर रुंद कोबा मधोमध तडकलाय, भेगेची एक बाजू बोटभर खाली गेलीय. दोनदा सिमेंट भरलं, पावसाळ्यानंतर पुन्हा उखडलं. कॅनडातला भाचा म्हणतो, तिकडे बर्फाने आणि मिठाने असंच होतं. दुरुस्त करावा की नवा घालावा?

उत्तर : भाच्याचं तिकडच्यापुरतं बरोबर आहे. काँक्रीटमध्ये मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पापुद्रे सुटतात. मिठाने ते आणखी वाढतं. पुण्यात तो प्रश्नच नाही. तुमच्याकडची लक्षणं काळ्या मातीची आहेत. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा कोबा अधांतरी राहतो. दोन्ही बाजू एका पातळीत असत्या, तर भेग कटरने रुंद करून पॉलियुरेथेन सीलंट भरणं पुरलं असतं. इथे मात्र खालचा आधारच गेलाय. फोडा.

पण आधी गच्चीचं पाणी कुठे पडतं ते बघा. पाइप कोब्याच्या कडेला सुटत असेल, तर तो पावसाळी गटाराला जोडल्याशिवाय नवं काम काढूच नका.

कोब्याखालची माती ३०० मिमी काढून मुरूम १५० मिमीच्या दोन थरांत, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. वर १२५ मिमी काँक्रीट, म्हणजे साडेचार घनमीटर. एम-२० दर्जाचं काँक्रीट साइटवर कालवलं तर सिमेंटच्या सुमारे ३६ गोण्या. गोणीमागे पाणी २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. इथेच कामं बिघडतात : माल सहज पसरावा म्हणून पाणी वाढवतात, मग वर आलेल्या पाण्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटतात. तीच साय पुढे भुकटी होऊन निघते. वरचं पाणी जाईपर्यंत थांबायला लावा आणि शेवटी झाडूने आडव्या रेघा ओढून घ्या, म्हणजे चाक घसरत नाही. उतार मीटरमागे १५ मिमी, घरापासून दूर.

दर ३ मीटरवर ३० ते ३५ मिमी खोल सांधा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कापा. उशीर झाला, तर काँक्रीट वाटेल तिथे तडकतं. भिंतीलगत १२ मिमीची फिलर पट्टी (काँक्रीटला फुगायला जागा देणारी मऊ पट्टी) ठेवा. मग आळी करून १० दिवस पाणी साठवा. गाडी १४ दिवसांनी. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत येत असेल, तर जाडी आत्ताच १५० मिमी धरा आणि २८ दिवस त्याला फाटकाबाहेरच थांबवा.