व्हायरस काढला, वायफाय जोडलेलं दिसतंय, पण घरच्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही. मोबाइल मात्र त्याच वायफायवर नीट चालतोय. काय करू?

त्याच वायफायवर मोबाइल नीट चालतोय म्हणताय, म्हणजे राउटर आणि लाइन दोन्ही ठीक. कस्टमर केअरला फोन लावून ‘राउटर बंद-चालू करा’ ऐकत बसू नका.

मला दाट संशय प्रॉक्सीचा, म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेटच्या मधल्या मध्यस्थाचा आहे. ब्राउझरची सगळी ये-जा आपल्यामार्फत व्हावी म्हणून काही व्हायरस विंडोजमध्ये स्वतःचा प्रॉक्सी बसवतात. अँटीव्हायरस व्हायरस उडवतो, पण सेटिंग तसंच राहतं. मग ब्राउझर बिचारा घर सोडून गेलेल्या माणसाचं दार ठोठावत राहतो.

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’ उघडा. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू असेल आणि पत्त्यात १२७.०.०.१ दिसत असेल (हा पत्ता म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर), तर बहुतेक चोर सापडला. ते बंद करा. वरचं ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ही पाहा, तिथे अनोळखी पत्ता असेल तर तेही बंद. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र आधी आयटीवाल्यांना विचारा.

रीस्टार्टनंतर प्रॉक्सी आपोआप पुन्हा चालू झाला, तर पाहुणा अजून घरातच आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’मधून डिफेंडरचा (विंडोजचाच अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन चालवा. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तो तपासतो, त्यामुळे व्हायरसला लपायला फारशी जागा उरत नाही. उघडी कामं आधी सेव्ह करा, मशीन रीस्टार्ट होतं.

एवढ्यानेही नाही जमलं तर ‘नेटवर्क रीसेट’ करा, म्हणजे नेटवर्कची सगळी सेटिंग्ज पहिल्यासारखी होतात. त्यात सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड जातात, तेव्हा आधी कागदावर लिहून ठेवा.