बोटीचं इंजिन फिरतंय, पण चालू होत नाही?

स्टार्टर इंजिन जोमाने फिरवतोय ना? मग बॅटरीच्या मागे लागू नका. आधी किल-स्विचची, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची, लाल दोरी पाहा. क्लिप निसटली असेल तर बऱ्याच आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनांमध्ये) इंजिन नुसतं फिरतं, ठिणगी पडतच नाही.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आणि प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा) घट्ट होईपर्यंत दाबा. घट्टच होत नसेल तर नळी कुठेतरी हवा ओढतेय किंवा बल्बचा व्हॉल्व्ह गेलाय.

गंगापूर धरणाच्या काठी पावसाळाभर बोट झाकून ठेवली असेल, तर पहिला संशय जुन्या पेट्रोलवर घ्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. खाली थर दिसला तर टाकी आणि कार्ब्युरेटरचा बाउल पूर्ण रिकामे करा. वरून ताजं ओतून काही साधत नाही. टू-स्ट्रोकला बहुधा 50:1 मिश्रण लागतं, म्हणजे लिटरला 20 मिली तेल, पण मॅन्युअल बघाच.

आता स्पार्क प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर एकतर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, नाहीतर ठिणगी नाही. प्लग पुसून वाळवा, चोक न लावता थ्रॉटल उघडा आणि पुन्हा फिरवा. ठिणगी तपासायला टेस्टरच वापरा. उघड्या पेट्रोलजवळ हा खेळ नको.

स्टार्टर एका वेळी 10 सेकंदच दाबा, मधे थंड होऊ द्या. आणि काठावर इंजिन पाण्याविना चालवू नका, पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, जळतो.