एनर्जी मॉनिटर (घराचा वीजवापर आलेखात दाखवणारे यंत्र) जनरेटरच्या चेंजओव्हर स्विचला (घर मीटरच्या किंवा जनरेटरच्या विजेवर नेणाऱ्या स्विचला) जोडता येतो का? वीज कुठून येते आहे हे त्याला कळते का?

जोडता येतो, मात्र त्याचा सीटी (वायरभोवती अडकवायचा, प्रवाह मोजणारा सेन्सर) चेंजओव्हरच्या पुढे, घराच्या डीबीकडे (वीजवाटपाच्या पेटीकडे) जाणाऱ्या फेजच्या वायरवर बसवायला हवा. तो मीटर आणि चेंजओव्हर यांच्या मध्ये बसवला, तर जनरेटरची वीज त्या वायरमधून जातच नाही आणि आलेख शून्यावर येतो.

एवढे पटवून देण्यासाठी मला डिचोलीच्या आमच्या घरी थोरल्या भावाशी बराच वाद घालावा लागला. मॉनिटर बसवायला आलेल्या माणसाने सीटी मीटरकडून येणाऱ्या वायरवर अडकवला आणि "वीज तीच, कुठेही मोजा" असे सांगून तो निघून गेला. चवथीला सगळे कुटुंब जमलेले असताना ऐन आरतीच्या आधी वीज गेली. चेंजओव्हरचा दांडा जनरेटरकडे फिरवला, दिवे आले, आणि कोणीतरी विहिरीवरचा पंप लावताच जनरेटरचा आवाज दबला, दिवे मंदावले आणि ब्रेकर पडला. दोन केव्हीएचा जनरेटर घराला पुरत नाही, मोठाच घ्यायला हवा, हे दादाचे जुने म्हणणे त्याला तिथेच सिद्ध झाल्यासारखे वाटले, आणि आलेखच कोरा असल्यामुळे मला ते आकड्यांनिशी खोडता येईना.

नंतर ओळखीच्या वायरमनकडून मी सीटी पुढे हलवून घेतला. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा फ्रीज, पंखे आणि दिवे मिळून भार जनरेटरच्या क्षमतेच्या निम्म्यावरही गेला नाही. अडचण फक्त पंपाची होती, कारण एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि तो क्षणाचा झटका सेकंदाला एकदा नोंद घेणाऱ्या मॉनिटरलाही पुरता दिसत नाही. तेव्हा टाकी वीज असतानाच भरून ठेवावी. एका पंपासाठी मोठा जनरेटर घेणे म्हणजे कमी भारावरही जास्त पेट्रोल जाळणे होय, आणि हे मी दादाला आजही सांगतो. तुम्हीही खरेदीआधी महिनाभर आलेख पाहा.

वीज कोणत्या बाजूने येते हे मात्र एका सीटीवरून कळत नाही. त्यासाठी जनरेटरच्या येणाऱ्या वायरवर दुसरा सीटी लावावा. सीटीतून फक्त फेज जाऊ द्यावा. न्यूट्रलही सोबत घेतला तर बेरीज शून्य येते.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, कारण मेन स्विच बंद केला तरी मीटरकडची बाजू जिवंत असते. चेंजओव्हर टाळून जनरेटर थेट सॉकेटमध्ये जोडणाऱ्यांचे मुळीच ऐकू नका. ती वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावरच्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. शिवाय हे सारे सिंगल फेज घरापुरते आहे. तीन फेजच्या घरात एकाच सिंगल फेज जनरेटरवर तिन्ही फेज जोडले असतील, तर तिन्ही फेजच्या लहरींमध्ये नेहमीचे १२० अंशांचे अंतर गृहीत धरणारा मॉनिटर दोन फेजचे आकडे निम्मे आणि उणे दाखवतो, आणि न्यूट्रलमध्ये तिन्ही प्रवाहांची बेरीज वाहते. तेव्हा न्यूट्रलची वायर तेवढी जाड आहे का, हे आधी तपासून घ्या.